घर बघू द्या, फोडू देऊ नका

प्रश्न: आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. सोसायटी १९९३ची, तिसरा मजला, टू बीएचके. मुलगा पुण्याला स्थायिक झाला म्हणून घर विकायला काढलं आहे. एजंटने आणलेल्या पार्टीने एक लाख टोकन दिलं, पण त्याची पावतीसुद्धा झालेली नाही. त्यानंतर ते चार वेळा घर बघून गेले. आता त्यांच्या मागण्या अशा आहेत: हॉलच्या स्लॅबमधून काँक्रीटचा नमुना काढायचा, आतल्या बाथरूमच्या चार टाइल्स उखडून खालचं वॉटरप्रूफिंग बघायचं, सगळं वायरिंग तपासायचं, सगळ्या कपाटांचा आतून व्हिडिओ घ्यायचा, तीन वर्षांची वीजबिलं हवीत, घराचे मूळ कागद आठवडाभर त्यांच्या वकिलाकडे ठेवायचे. शिवाय आम्ही दोघं कामावर असताना कॉन्ट्रॅक्टरला घेऊन यायचं, म्हणून एक किल्ली मागत आहेत. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत, त्यांच्याजवळ दिवसभर फक्त मावशी असतात. एजंट म्हणतो, नाही म्हणालात तर पार्टी हातची जाईल. आणखी एक गोष्ट मनाला खाते. दोन वर्षांपूर्वी त्याच बाथरूममधून खालच्यांकडे गळती झाली होती. आम्ही ती दुरुस्त करून घेतली. एजंट सांगतो, हे बोलूच नका.

उत्तर: ताई, शेवटचा मुद्दा आधी घेऊ, कारण बाकीची गाठ तिथूनच सुटेल. गळतीचं सांगा. एजंट काहीही म्हणो, सांगा, आणि लेखी सांगा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष सांगणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. टाइल्सखालची गळती नेमकी अशी गोष्ट आहे. ‘दुरुस्ती केली होती’ एवढं मोघम बोलू नका. गळती कधी दिसली, कुठे दिसली, काय काम केलं (फक्त सांध्यांचं ग्राउटिंग, की टाइल्सखालचा कोबा, म्हणजे काँक्रीटचा थर, फोडून नव्याने वॉटरप्रूफिंग), कोणाकडून केलं, त्याचं बिल, हमीपत्र असेल तर तेही, आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात खालच्या छताची स्थिती काय होती, असं सगळं एका पानावर लिहा. त्याच पानावर सोसायटीच्या गोष्टीही येऊ द्या: गच्चीची गळती, मोठ्या दुरुस्तीची ठरलेली वर्गणी, पुनर्विकासाची चर्चा सर्वसाधारण सभेत झाली असेल तर तिचा ठराव. खाली तारीख आणि सही. ते पान त्यांना द्या आणि पोहोच घ्या.

यात तुमचाही फायदा आहे. वॉचमनकडून नाहीतर खालच्यांकडून ही गोष्ट त्यांच्या कानावर गेली असण्याची शक्यता मोठी आहे. मागायच्या म्हटल्या तर टाइल्स स्वयंपाकघरातल्याही मागता आल्या असत्या, त्यांनी नेमकं तेच बाथरूम का धरलं? जे ऐकलं ते तुमच्या तोंडून येत नाही, म्हणून संशय वाढतो आणि संशयापोटी छिन्नी-हातोडी मागितली जाते.

आता मागण्यांकडे वळू. ‘होकार द्यायचा की नाही’ एवढाच विचार केलात तर प्रत्येक मागणीवर घरात वाद होईल. त्याऐवजी प्रत्येक मागणीला तीन गोष्टी विचारा: यात काही फुटतं का, फुटणारी वस्तू कोणाच्या मालकीची आहे, आणि पूर्ववत कोण करून देणार? नुसतं बघणं, मोजणं, नळ सोडणं, दारं-खिडक्या उघडणं, ठोकून आवाज ऐकणं याला मोकळेपणाने हो म्हणा. उपकरण लावायचं असेल तर आधी वेळ आणि माणूस ठरू द्या. फोडायचं असेल तर साधारणपणे नाही, कारण तीच माहिती बहुतेक वेळा न फोडता मिळते.

स्लॅबचा नमुना म्हणजे कोअर टेस्ट. हिऱ्याचं टोक असलेली मशीन पाणी सोडत काँक्रीटमधून तीन-चार इंच व्यासाचा गोल तुकडा कापून काढते. तुमच्या हॉलचं छत म्हणजे चौथ्या मजल्यावरच्यांची जमीन. स्लॅब, बीम, कॉलम हे सगळ्या इमारतीचं आहे, त्यात भोक पाडायची परवानगी तुम्ही एकट्या देऊच शकत नाही. त्यासाठी सोसायटीची लेखी संमती आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतो. राहत्या घरांचे स्लॅब बहुधा चार-पाच इंचांचेच असतात. आधी सळ्या शोधणारं यंत्र न फिरवता कोअर मारला तर सळई कापली जाते, आणि ती परत जोडून मिळत नाही. भोक साध्या सिमेंटने बुजवलं तर ते आक्रसतं, कडेने बारीक फट राहते आणि तिथून पाणी उतरतं. ते न आक्रसणाऱ्या ग्राउटनेच भरावं लागतं.

या खटाटोपातून त्यांना कळणार काय? आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक कोअरवरून निष्कर्ष काढायला किमान तीन कोअर मागतं. तिन्हींची सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के हवी आणि एकही ७५ टक्क्यांच्या खाली नको. म्हणजे तुमच्या हॉलमधल्या एका तुकड्यावरून इमारतीबद्दल काहीच ठरत नाही. मग ते म्हणतील, ‘हॅमर टेस्ट तरी करू द्या, त्यात काही फुटत नाही.’ यात हॅमर काँक्रीटवर मारून तो किती उसळतो त्यावरून ताकदीचा अंदाज करतात. पण हॅमर प्लास्टरवर मारून चालत नाही, प्लास्टर खरवडून काँक्रीट उघडं करावं लागतं. त्यावरून काढलेल्या ताकदीत २५ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतं. शिवाय जुन्या काँक्रीटचा वरचा थर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कडक झालेला असतो, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. म्हणजे ज्यांना धास्ती आहे त्यांची या चाचणीने फसगतच व्हायची.

त्यांची धास्ती मात्र खोटी नाही. मुंब्र्याजवळ शिळफाट्याची इमारत ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली, त्यात ७४ जण गेले. नौपाड्यातली इमारत ऑगस्ट २०१५ मध्ये पडली. ठाण्यात तीस वर्षांचं घर घेणाऱ्याने इमारतीची प्रकृती विचारलीच पाहिजे. त्याचं उत्तर सोसायटीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ नुसार भोगवटा (वापराची परवानगी) मिळून तीस वर्षं झालेल्या इमारतीला ते बंधनकारक आहे. तुमची इमारत त्या वयाची झाली. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसारही (नियमावलीनुसारही) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी ऑडिट व्हायला हवं. सभासद म्हणून सेक्रेटरींकडे अहवालाची प्रत लेखी मागा. महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी लावते. सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करायची, सी-२ ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२ बी म्हणजे राहतं ठेवून दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. आपली इमारत यादीत आहे का, असेल तर कशात, हे त्यांना दाखवा. ऑडिट झालेलंच नसेल तर तेही स्पष्ट सांगा. मग त्यांना हवं असल्यास त्यांनी आपला इंजिनिअर आणावा आणि त्याने जिना, गच्ची, पार्किंगमधले कॉलम, पाण्याच्या टाकीखालचे बीम बघावेत. इमारतीचं दुखणं हॉलच्या छतापेक्षा तिथे आधी दिसतं: सळईला धरून सरळ रेषेत गेलेली चीर, तपकिरी डाग, ठोकल्यावर पोकळ वाजणारं प्लास्टर. गंजलेली सळई फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून पाडते, म्हणून चीर सळईच्या रेषेतच जाते.

आता बाथरूम. चार टाइल्स उखडल्या की खालचा मसाला, कोबा आणि वॉटरप्रूफिंगचा थर यांना धक्का बसतो. तो थर सलग असतो तोवरच काम करतो. मध्येच ठिगळ लावलं की जुना आणि नवा माल नीट एकजीव होत नाही, आणि आज कोरडं असलेलं बाथरूम पुढच्या महिन्यात गळू लागतं. बोल तुम्हाला लागेल आणि खालच्यांच्या छताचा खर्चही तुमच्यावर येईल, कारण उपविधींनुसार संडास-बाथरूममधून होणारी आतली गळती त्या घरवाल्याने निस्तरायची असते. शिवाय त्या छापाच्या टाइल्स आता मिळणार नाहीत. तेव्हा टाइल्सना ठाम नकार द्या आणि त्याऐवजी पाणी भरून चाचणी करून द्या. नीट केली तर ती टाइल उखडण्यापेक्षा जास्त सांगते.

आधी खालच्यांना विचारा, ते हो म्हणाले तरच पुढे जा. त्यांच्या छतावरच्या जुन्या डागाभोवती पेन्सिलीने रेघ ओढून तारीख टाका, फोटो घ्या. ओलावा मोजायचं मीटर आणलं तर जागा ठरवून आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजा. जुन्या डागात क्षार साचलेले असतात, त्यामुळे कोरड्या भिंतीवरही मीटर ओल दाखवतं. एकट्या आकड्याला अर्थ नाही, वाढ झाली का ते बघायचं. मग नहाणी ट्रॅपला (जमिनीतल्या जाळीखालच्या, पाणी वाहून जाण्याच्या तोंडाला) रबरी प्लग घट्ट बसवा आणि उताराच्या सर्वांत उंच कोपऱ्यातही इंचभर पाणी येईल इतकं भरा. चार बाय सहाच्या बाथरूमला साठ लिटरच्या आसपास सुरुवात होते, उतारामुळे त्याहून थोडं जास्त लागेल. पातळी उंबऱ्याच्या खाली राहू द्या, नाहीतर लाकडी चौकट पाणी पिते. भिंतीवर पातळीची खूण करा. चोवीस तास ते बाथरूम कोणी वापरायचं नाही. सासूबाईंचं सगळं दुसऱ्या बाथरूमवर चालणार असेल तरच हे ठरवा, आणि मावशींना सांगून ठेवा.

चोवीस तासांनी खाली बघा. कोरडं असलं तरी लगेच मोकळे होऊ नका. आता प्लग एकदम काढा आणि सगळं पाणी एका दमात जाऊ द्या. प्लग असताना ट्रॅपच्या खालचा सांधा तपासला गेलेलाच नसतो, आणि गळती पुष्कळदा तिथेच असते. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं शॉवर भिंतींवर मारा, म्हणजे भिंतीच्या टाइल्सचे सांधेही तपासले जातात. चाचणी संपल्यावरही आणखी एक दिवस खालच्या छतावर लक्ष ठेवा, काही ठिकाणी ओल उशिरा उतरते. पाण्यात रंग टाकू देऊ नका, हळद तर नकोच. सांधे पिवळे पडतात, आणि गळती असलीच तर खालच्यांचं छतही रंगतं. प्लंबर पाइपलाइनला पंप लावून दाब देतो म्हणाला तर त्यालाही नको म्हणा. तुमच्या काळातल्या बहुतेक इमारतींत भिंतीत जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप आहेत, आतून गंजलेला सांधा जास्तीच्या दाबाने तिथल्या तिथे फुटतो.

आणि गळलं तर? प्लग काढा, फोटो घ्या, दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडून दुरुस्तीचा लेखी अंदाज घ्या. तेवढी रक्कम किमतीतून वजा करा किंवा काम करून द्या. दोन्ही रास्त आहे.

वायरिंगच्या मागणीला हो म्हणा, पण परवानाधारक वायरमनच हवा. त्याने मेन बोर्ड उघडावा, आरसीसीबी (करंट बाहेर जाऊ लागला की आपोआप वीज तोडणारा स्विच) असेल तर तिचं टेस्ट बटण दाबून ती पडते का बघावं, अर्थिंग तपासावं, एखाद-दुसरा स्विचबोर्ड उघडून वायरी बघाव्यात. मेगर (वायरींचं इन्सुलेशन मोजणारं यंत्र) लावायचा असेल तर सावध राहा. मेगर वायरींमध्ये ५०० व्होल्ट सोडतो. फ्रिज, टीव्ही, राउटर, एसी, एलईडी दिवे सुटे केले नाहीत तर त्यांचे सर्किट जाऊ शकतात, आणि जोडलेले राहिले तर मापही चुकतं. जोडणी काढायची आणि परत लावायची जबाबदारी वायरमनची, हे आधी बोलून घ्या. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद करूनही काही बोर्डांत वीज राहते, तोही बंद करायला सांगा. सासूबाईंना पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून एअर बेड लावला असेल तर वीज गेल्यावर त्याचा पंप थांबतो आणि गादी हळूहळू बसते. त्यांच्या खोलीचं काम शेवटी आणि सर्वांत कमी वेळात उरकायचं, अशी अट घाला. पाइप गॅसच्या जोडणीला कोणीही हात लावायचा नाही, ते काम गॅस कंपनीच्याच माणसाचं.

कपाटांचा व्हिडिओ: जी कपाटं घरासोबत विकत आहात ती आतून बघण्याचा त्यांना हक्क आहे. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ओल आणि वाळवी असते, तेच त्यांना बघायचं असेल. एक-एक कप्पा रिकामा करून तुम्हीच दाखवा. जी सोबत नेणार आहात ती उघडायचं कारण नाही. व्हिडिओत भिंती, छत, खिडक्या, बाथरूम, मेन बोर्ड येऊ द्या. माणसं, देवघर, कागद, दाराचं कुलूप येऊ देऊ नका, आणि सासूबाईंच्या खोलीत तर कॅमेरा नकोच. त्या खोलीचे फोटो तुम्ही काढून पाठवा. वीजबिल शेवटचं एक पुरे. थकबाकी नाही हे त्यावर दिसतं आणि मागच्या महिन्यांचे युनिटही असतात.

मूळ कागद आठवडाभर कोणाकडेही ठेवायचे नाहीत. आधीचं साठेखत आणि शेअर सर्टिफिकेट हरवलं तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात नोटीस, सोसायटीचा ठराव, असं सगळं मागे लागतं आणि तोवर विक्री अडते. प्रत्येक झेरॉक्सवर ‘फक्त पाहणीसाठी’ आणि तारीख लिहून प्रती द्या, आधार मास्क केलेलं (आकडे झाकलेलं) द्या. मूळ कागद वकिलाच्या ऑफिसात तुम्ही घेऊन जा, तुमच्यासमोर जुळवणी होऊ द्या आणि परत घेऊन या. त्यांचा वकील नोंदणी कार्यालयात शोध घेईल, वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही देईल. तो नेहमीचा रिवाज आहे, अपमान वाटून घेऊ नका. त्यांच्या बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस येईल, त्यालाही अडवू नका.

किल्ली नाही. इथे घासाघीसच नको. एक आजारी बाई आणि मावशी घरात असताना अनोळखी कॉन्ट्रॅक्टर येणं तुमच्या घराला परवडणारं नाही. त्याचा माणूस शिडीवरून पडला तर प्रश्न तुमच्या दारात येतो. किल्ली एकदा गेली की पुढे ताब्याचा वादही उभा राहू शकतो. ताबा पूर्ण पैसे आल्यावर. फर्निचरसाठी मापं घ्यायची असतील तर साठेखताची नोंदणी झाल्यावर तुमच्यासमोर तासभर या म्हणावं.

राहिलं टोकन. पावती नसलेलं टोकन तुम्हाला त्यांच्याइतकंच अडचणीचं आहे. या आठवड्यात वकिलाकडून एक कागद करून घ्या. त्यात रक्कम आणि ती कशी मिळाली, ठरलेली किंमत, साठेखताची शेवटची तारीख, आणि पाहणीच्या अटी असू द्या: दहा दिवसांत दोन भेटी, एका वेळी तीनच माणसं, दोघांपैकी एकजण घरी असताना, काहीही फोडायचं नाही, नुकसान झालं तर भरपाई. पाहणीत दोष निघाला तर काय करायचं तेही आत्ताच लिहा: लेखी अंदाजाएवढी किंमत कमी, किंवा टोकन परत आणि व्यवहार रद्द. ही ओळ नसली की प्रत्येक चिरेमागे पन्नास हजार उतरवा, असा आग्रह सुरू होतो. अंदाजपत्रक न दाखवता किंमत पाडायला लागले, किंवा एक मागणी पुरी केली की दोन नव्या येऊ लागल्या, तर टोकन परत करा आणि दुसरं गिऱ्हाईक बघा. ऑडिटचा अहवाल, गळतीचं पान आणि पाण्याच्या चाचणीचे फोटो हातात असले तर पुढच्या पार्टीशी बोलणं बरंच सोपं जाईल.

एजंटला फोनवर समजावत बसू नका, खालचा मेसेज पाठवा आणि पार्टीलाही त्यात घ्या:

‘नमस्कार. घराबद्दल आम्हाला माहीत असलेल्या सगळ्या गोष्टी, दोन वर्षांपूर्वीच्या बाथरूम गळतीसह, लेखी देत आहोत. सोसायटीचा ऑडिट अहवाल मागवला आहे, मिळाला की प्रत देऊ. खालच्यांची संमती घेऊन बाथरूममध्ये २४ तास पाणी भरून चाचणी करू, तुम्ही दोन्ही मजल्यांवर बघायला या. वायरिंगसाठी परवानाधारक वायरमन आणा. स्लॅब किंवा टाइल्स फोडता येणार नाहीत. मूळ कागद वकिलांच्या ऑफिसात आम्ही आणून दाखवू. घरी पेशंट असल्याने भेटी शनिवारी-रविवारी ११ ते १, आम्ही घरी असतानाच. आणखी काय तपासायचं आहे त्याची एकच यादी, कोण येणार त्यांच्या नावांसह, गुरुवारपर्यंत पाठवा. टोकनचा कागद शुक्रवारी करू.’